गोठलेल्या आर्गॉनमध्ये रेणू फोडायचाय? दिवा लावण्याआधी हे वाचा

पहिल्याच महिन्यात मला नवा रेणू सापडला होता. इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये १६०८ आणि १६२४ ला दोन टोकदार पीक, आणि वर ३७०० च्या पलीकडे आणखी तीन. यूव्ही दिवा लावण्याआधी ती बारीक होती, दोन तासांनी चांगलीच वाढलेली. मी प्रिंट काढून लॅबमधल्या सीनियर ताईकडे धावलो. तिने चष्मा वर सरकवून दोन सेकंद कागद पाहिला आणि म्हणाली, "छान आलंय. पाणी आहे."

दिवा चालू असताना कुठल्या तरी सांध्यातून हवा झिरपत होती. तिच्यातलं पाणी माझ्या थंडगार काचेवर येऊन बसत होतं. स्पेक्ट्रमभर पीक आलं होतं खरं, पण सगळं तण.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष करताना ज्यांच्या वाट्याला मॅट्रिक्स आयसोलेशनचं, म्हणजे रेणू गोठलेल्या वायूत एकटा अडकवून बघायचं, यंत्र आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शोधनिबंधात या सगळ्या कामाला दोन ओळी मिळतात: 'नमुना १० केल्विनला आर्गॉनमध्ये साठवला व २५४ नॅनोमीटरने प्रकाशित केला.' त्या दोन ओळी जमायला मला आठ महिने लागले. पुढे स्पेक्ट्रममधल्या जागेचा नुसता आकडा दिसला, तर तो 'प्रति सेंटिमीटर' समजा; दिव्याचा किंवा लेसरचा असेल तर 'नॅनोमीटर'.

१. आधी कल्पना पक्की करा

काही रेणू इतके चंचल असतात की तयार झाल्या झाल्या शेजाऱ्याशी भिडतात आणि संपतात. त्यांना बघायचं तर शेजारी काढून टाकायचे आणि हालचाल थांबवायची. म्हणून मूळ पदार्थाचा एक रेणू आणि आर्गॉनचे पाचशे ते हजार अणू असं मिश्रण १० केल्विनच्या, म्हणजे उणे २६३ सेल्सिअसच्या काचेवर गोठवायचं. या गोठलेल्या थरालाच मॅट्रिक्स म्हणतात. आर्गॉन कशाशी सहसा बोलत नाही आणि इन्फ्रारेडला पारदर्शक असतो. मग यूव्ही प्रकाशाने आतला रेणू फोडायचा आणि तुकडे जागीच अडकलेले असताना त्यांचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्यायचा. बर्कलीला जॉर्ज पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली ही पद्धत मांडली. त्याच वर्षी इंग्लंडात नॉर्मन आणि पोर्टर यांनी काचेसारख्या गोठलेल्या सेंद्रिय द्रावकात रॅडिकल (जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनचे चंचल तुकडे) पकडून दाखवले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे निम्मे प्रयोग तिच्यावर फसतात किंवा तरतात. आर्गॉनच्या पिंजऱ्यात रेणू फुटला म्हणजे तुकडे लांब जातातच असं नाही. सकाळची विरार लोकल आठवा. दोन दांडगी माणसं भांडली आणि 'तुझ्याजवळ उभा राहणार नाही' म्हणाली, तरी जातील कुठे? पाच सेकंदांत पुन्हा खांद्याला खांदा. लहान पोर मात्र पायांमधून सटकून दारापाशी पोचतं. मिथाइल आयोडाइडचं असंच होतं: मिथाइल आणि आयोडीन दोघंही दांडगे, फुटले तरी बहुतेक वेळा पुन्हा जुळतात. हायड्रोजन आयोडाइड फोडलात तर हायड्रोजनचा अणू ते पोर असतो, तो निसटतो. पिमेंटेल यांच्या गटाने १९६० साली याचाच उपयोग केला. आर्गॉनऐवजी गोठवलेला कार्बन मोनॉक्साइड घेतला, त्यात हायड्रोजन आयोडाइड फोडला, निसटलेला हायड्रोजन शेजारच्या मोनॉक्साइडला चिकटला आणि फॉर्मिल रॅडिकल मिळालं. त्याची कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन बंधाची) पट्टी १८६० च्या आसपास दिसली.

२. सामान आणि कागद

पहिल्या दिवशी एक चक्कर मारून हे सगळं हाताने दाखवून घ्या. यादी वाचून काही कळत नाही.

- क्रायोस्टॅट, म्हणजे थंड करणारं यंत्र: बंद चक्रात हेलियम फिरवणारा, १० केल्विनपर्यंत जाणारा. निऑन गोठवायचा असेल तर ४ केल्विनचा लागतो.
- आतली थंड काच: सेझियम आयोडाइडची. मऊ असते, थंड करताना सहसा तडकत नाही आणि २०० पर्यंत पारदर्शक राहते. काच आणि तांब्याची चौकट यांच्यामध्ये इंडियमची पातळ पट्टी हवीच, नाहीतर काच नीट थंड होत नाही.
- बाहेरच्या खिडक्या: इन्फ्रारेडच्या वाटेवर दोन, पोटॅशियम ब्रोमाइडच्या. दिव्यासमोर एक, क्वार्ट्झची. चौथ्या बाजूला वायू आत सोडायची नळी.
- टर्बो पंप आणि त्याच्यामागचा साधा पंप, दाबमापक, वायूमिश्रणाची काचेची लाइन, दोनेक लिटरचा बल्ब, बारीक सुईचा व्हॉल्व्ह.
- ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन.
- एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर, किमान १ किंवा शक्यतो ०.५ च्या रिझोल्यूशनचा. डिटेक्टर द्रव नायट्रोजनवाला असेल तर नायट्रोजनचा नंबर आदल्या दिवशीच लावा.
- दिवे: २५४ नॅनोमीटरचा कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा, जास्त दाबाचा पाऱ्याचा दिवा आणि त्याचे फिल्टर, हल्ली ३६५ चे एलईडीही चालतात. नशीब असेल तर १९३ किंवा २४८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर.
- यूव्हीचे गॉगल. साधा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

कागदांत लेसर वापरत असाल तर प्रशिक्षणाची नोंद, वापरणार त्या प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-पत्रक, दिवा किती तास जळला याची नोंदवही (दिवे म्हातारे होतात आणि तुमचे आकडे गुपचूप बदलतात) आणि स्वतःची जाड वही. वहीबद्दल शेवटी बोलतो.

खिडक्यांसाठी पावसाळ्याची सूचना. पोटॅशियम ब्रोमाइड म्हणजे शेवटी मीठच. जुलैच्या एका शुक्रवारी मी एक खिडकी टेबलावर ठेवून घरी गेलो. सोमवारी ती आंघोळीनंतरच्या आरशासारखी धुरकट झाली होती. काम झालं की डेसिकेटरमध्ये (कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यात), लगेच. हात लावायचा तर हातमोजे घालून आणि फक्त कडेला.

३. फोडायचा रेणू निवडा

याला लॅबमध्ये प्रिकर्सर म्हणतात. नवखा माणूस आधी ऊर्जेचा हिशेब करतो: २५४ नॅनोमीटर म्हणजे मोलमागे साधारण ४७१ किलोज्यूल, मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध साधारण ४३९ चा, म्हणजे तुटायला पाहिजे. तुटत नाही. मिथेन २५४ चा प्रकाश शोषतच नाही, त्यासाठी १५० च्याही खाली जावं लागतं. खिशात पैसे असून दुकान बंद असावं तसं. तेव्हा पहिला प्रश्न 'बंध केवढा मजबूत' हा नाही. तुमचा रेणू तुमच्या दिव्याचा प्रकाश शोषतो का, हे आधी पाहा. प्रिकर्सरचा यूव्ही स्पेक्ट्रम काढा किंवा शोधा आणि दिव्याच्या रेषा त्यावर ठेवून बघा.

दुसरा प्रश्न लोकलचा. फुटल्यावर कोण बाहेर पडणार? सर्वात सोयीचे प्रिकर्सर ते, ज्यांच्यातून नायट्रोजनचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अखंड रेणू सुटतो. तो इतका समाधानी असतो की शेजारी बसूनही सहसा परत जोडला जायला बघत नाही. अझाइड आणि डायझो संयुगं म्हणूनच या धंद्यात लाडकी आहेत. नायट्रोजन इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये गर्दीही करत नाही. कार्बन मोनॉक्साइड दिसतो, एकटा असला तर आर्गॉनमध्ये २१३८ ला. पण तुमच्या प्रयोगातून सुटलेला मोनॉक्साइड एकटा नसतो, जोडीदाराला चिकटून बसलेला असतो, म्हणून त्याचं पीक थोडं सरकतं. पाण्याशेजारी बसला तर २१४९ ला. त्या अकराच्या फरकावरून शेजारी कोण, याचा अंदाज बांधता येतो.

या लेखात मी फिनाइल अझाइडचं उदाहरण धरतोय, कारण माझं पहिलं खरं पीक त्यातूनच आलं. प्रकाश पडला की नायट्रोजन सुटतो आणि फिनाइल नायट्रीन उरतं. त्याचं वलय पसरून सात अणूंचं होतं आणि एक वळवलेला, ताणलेला केटेनिमाइन (कार्बन-कार्बन-नायट्रोजन असे सलग दुहेरी बंध असलेला रेणू) तयार होतो. चॅपमन आणि ल रू यांनी १९७८ साली तो आर्गॉनमध्ये दाखवला. त्याची पट्टी १८९० च्या आसपास येते, जिथे एरवी स्पेक्ट्रममध्ये शुकशुकाट असतो. शिकायला अशीच जागा बरी.

पण अझाइड म्हणजे स्फोटाचा धोका. तापवायचं नाही, घासायचं नाही, धातूचा चमचा लावायचा नाही, आम्लाजवळ न्यायचं नाही. आणि सोडियम अझाइड डायक्लोरोमिथेनसोबत कधीच ठेवायचं नाही. स्वतः बनवायला जाऊ नका, सेंद्रियवाल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली बनलेलं थोडंसं मागून घ्या. प्रयोगाला ०.१ ग्रॅमही खूप होतं. ज्यांच्या लॅबमध्ये अझाइडची सवय नाही त्यांनी फॉर्मिक आम्ल आणि १९३ चा लेसर घ्यावा. त्यातून पाणी आणि मोनॉक्साइड, तसंच हायड्रोजन आणि डायऑक्साइड अशा जोड्या मिळतात. शिकायला तेही भरपूर आहे.

४. कोरी मॅट्रिक्स: ही पायरी गाळणारे सगळे परत येतात

आत काहीही न मिसळता नुसता आर्गॉन गोठवा. तासभर. स्पेक्ट्रम घ्या. दिवा लावा, अर्धा तास. पुन्हा स्पेक्ट्रम घ्या. यात जे काही दिसतं तो तुमच्या यंत्राचा स्वभाव.

पाण्याचा एकटा रेणू आर्गॉनमध्ये फिरतो, म्हणून त्याची पीकं १६२४, १६०८ आणि ३७०० च्या वर अशी पसरतात. दोन पाणी जोडीने बसली की १५९३ आणि ३५७४ ला दिसतात. कार्बन डायऑक्साइड २३४५ आणि २३३९ ला दोन बारीक टोकं देतो. त्याच जागी दोन कुबडांचा रुंद डोंगर दिसला तर तो मॅट्रिक्समधला नाही, स्पेक्ट्रोमीटरच्या आतल्या हवेतला आहे. कोरड्या नायट्रोजनने ती हवा हाकला आणि दर वेळी तितकाच वेळ हाकला.

आता दाबमापकाची फसवणूक. काच गार झाली की ती स्वतःच पंप होते. गळती असली तरी आत आलेलं पाणी काचेवर गोठतं आणि मापक ऐटीत कमी दाब दाखवत राहतं. माझा 'नवा रेणू' असाच जन्मला. म्हणून गळतीची परीक्षा काच उबदार असतानाच घ्यायची. रात्रभर पंप चालवा, दाब एक लाखांश मिलिबारच्या खाली आला की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं मापकाकडे बघत बसा. भरभर चढला तर सांधे तपासा, ओ-रिंगवर केस अडकलाय का बघा. (अडकलेला असतो. बहुतेक वेळा स्वतःचाच.) वायूची लाइनही पंपावर ठेवून बाहेरून सौम्य तापवा, काचेला चिकटलेलं पाणी त्याशिवाय सुटत नाही.

पाणी शून्यावर कधीच येत नाही. कमी आणि दर वेळी तेवढंच असलं की पुरे.

५. मिश्रण आणि थर

बल्ब रिकामा करा, १ मिलिबार प्रिकर्सरची वाफ घ्या, मग आर्गॉन सोडून एकूण दाब १००० मिलिबार करा. झालं हजारास एक. लगेच वापरू नका, नीट मिसळायला काही तास द्या. फिनाइल अझाइडसारख्या कमी वाफेच्या द्रवासाठी दुसरा रस्ता असतो: द्रवाची छोटी नळी बर्फ-मिठाच्या भांड्यात ठेवायची आणि तिच्यावरून आर्गॉन वाहू द्यायचा. यात प्रमाण नेमकं कळत नाही. थर घातल्यावर स्पेक्ट्रम बघून ठरवावं लागतं.

प्रवाह तासाला साधारण २ ते ४ मिलिमोल ठेवा. दोन लिटरच्या बल्बमध्ये दाब ५० मिलिबारने उतरला म्हणजे साधारण ४ मिलिमोल गेला, एवढा हिशेब पाठ असू द्या. काचेचं तापमान आर्गॉनसाठी १० ते २० केल्विन. झेनॉनला जास्त, ३० च्या आसपास. घाई केलीत किंवा फार गार ठेवलंत तर थर दुधाळ होतो. डोळ्यांनीच कळतं: चांगला थर टॉर्चच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, कडेला फक्त हलकी इंद्रधनुषी झाक असते. खराब थर फ्रीजरमधल्या बर्फासारखा पांढरा. तसा झाला तर बेसलाइन (स्पेक्ट्रमची तळरेषा) ३००० च्या वर घसरगुंडीसारखी वाकते. तो थर उडवून पुन्हा सुरुवात करा, त्यावर दिवा लावून काही हाती लागत नाही.

थर घालताना काच नळीकडे, मग ९० अंशांत वळवून स्पेक्ट्रोमीटरकडे, मग दिव्याकडे. वरच्या फिरत्या भागावर पेन्सिलने खुणा करून ठेवा. दोन अंश इकडे-तिकडे झालं तरी वजाबाकीत बेसलाइन नाचते.

६. आता दिवा

इथे मी पूर्ण एक दिवस घालवला तो सांगतो. दुसऱ्या कुणीतरी क्वार्ट्झची खिडकी धुवायला काढली होती आणि तिच्या जागी तशीच दिसणारी बोरोसिलिकेट काच बसवली होती. मी २५४ चा दिवा लावून दर अर्ध्या तासाने स्पेक्ट्रम घेत राहिलो. अझाइड जागच्या जागी, ढिम्म. संध्याकाळी मी 'फिनाइल अझाइड प्रकाशाला स्थिर आहे' असं वहीत लिहिलं, तेही अधोरेखित करून. साधी प्रयोगशाळेची काच ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं अडवते. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीच्या कडेला पेन्सिलने नाव लिहितो.

दिवा लावताना आणखी काही:

जास्त दाबाचा पाऱ्याचा दिवा भरपूर उष्णताही फेकतो. मध्ये पाण्याची क्वार्ट्झची डबी ठेवा, नाहीतर मॅट्रिक्स तापून मऊ होते आणि तुकडे फिरायला लागतात. तापमानाचा सेन्सर तांब्यावर असतो, काचेवर नाही. तो १० दाखवत असला तरी काचेचा मध्य थोडा उबदारच असतो.

काही कमी दाबाचे दिवे १८५ नॅनोमीटरही देतात. ते हवेत ओझोन करतात. लॅबमध्ये झेरॉक्सच्या दुकानासारखा वास आला की समजा आणि खेळती हवा ठेवा.

एकदम दोन तास दिवा लावू नका. १ मिनिट, २, ५, १०, २०, ४०, प्रत्येक टप्प्यानंतर स्पेक्ट्रम. कारण जे तयार होतं तेही प्रकाश शोषतं आणि पुढे फुटतं. दोन तासांनी तुम्हाला नातू दिसतो आणि तुम्ही त्याला मुलगा समजता. फिनाइल अझाइडमध्ये नायट्रीनचं असंच होतं, प्रकाशात तेही पुढे केटेनिमाइनकडे जातं.

स्पेक्ट्रोमीटरचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवाही निष्पाप नसतो. नायट्रस आम्लाचा एक आकार दुसऱ्यात बदलायला इन्फ्रारेड पुरतो, हे पिमेंटेल यांच्याच गटाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. मोजत नसाल तेव्हा शटर बंद.

७. वजाबाकी

दिव्यानंतरच्या स्पेक्ट्रममधून आधीचा वजा करा. जे गेलं ते खाली, जे आलं ते वर. त्या रात्रीचं माझं चित्र अजून फळ्याशेजारी चिकटवलेलं आहे. २१०० च्या आसपास अझाइडची तीन-चार दातांची पट्टी खोल खाली गेलेली, विहिरीत बादली सोडावी तशी. आणि डावी-उजवीकडची खुसखुस सोडली तर पुढे सपाट मैदान. त्या मैदानात १८९० पाशी दोन टोकांचं एक बुटकं पीक, वर. कोल्ड हेड (क्रायोस्टॅटचा थंड करणारा भाग) नेहमीसारखं ठकठक करत होतं, बाहेर वॉचमन शिट्टी वाजवत होता. या वेळी ताईकडे जाण्याआधी मी आपणहून पाण्याच्या पाची जागा तपासल्या.

दोन टोकं म्हणजे दोन रेणू असं लगेच समजू नका. एकच रेणू आर्गॉनमध्ये दोन वेगळ्या प्रकारच्या जागी बसला तर त्याची पट्टी फाटते. त्याचा निकाल पुढच्या पायरीत लागतो.

आणि एका पिकावर भिस्त ठेवायची नाही. १, २, ५, १० मिनिटांच्या आकड्यांचा तक्ता करा. एकाच रेणूची पीकं एकमेकांशी तेच प्रमाण राखून वाढतात. एक वाढतंय आणि दुसरं दहा मिनिटांनंतर उतरतंय, तर ते दोन वेगळे जीव आहेत. माझ्या मते या पद्धतीतलं सगळ्यात भरवशाचं साधन हा तक्ता आहे, महागडा लेसर नव्हे.

८. उबवणी आणि अंधार

मॅट्रिक्स ३० ते ३५ केल्विनपर्यंत हळू न्या, पाच-दहा मिनिटं ठेवा, परत १० ला आणा, मग मोजा. लॅबमध्ये याला अ‍ॅनीलिंग म्हणतात, मला उबवणीच आवडतं. आर्गॉन थोडा सैलावतो, अवघडून बसलेले रेणू नीट बसतात. वेगळ्या जागेमुळे फाटलेल्या पट्टीतलं एक टोक कमी होऊन दुसरं वाढतं. हायड्रोजनसारखी पोरं धावायला लागतात. दोन-तीन रेणू भेटून गठ्ठे करतात आणि त्यांची नवी पीकं उगवतात. ४० च्या पुढे नेलंत तर आर्गॉनच उडून जातो, सगळी मेहनत पंपात.

अंधाराची परीक्षा बहुतेक जण करत नाहीत. दिवा बंद, शटर बंद, १० केल्विन, दोन-तीन तास काही करायचं नाही, मग मोजायचं. २००८ साली जर्मनीत गीसनला श्राइनर यांच्या गटाने हायड्रॉक्सीमिथिलीन आर्गॉनमध्ये साठवलं (ते प्रकाशाने नाही, उष्णतेने बनवलं होतं). ११ केल्विनला, अंधारात, साधारण दोन तासांत त्यातलं निम्मं फॉर्माल्डिहाइड झालं. वर चढायला ऊर्जा नसताना डोंगराच्या पोटातून पलीकडे गेलं, म्हणजे टनेलिंग. तुमचं पीक अंधारात ओसरत असेल तर यंत्राला शिव्या देण्याआधी हा किस्सा आठवा.

९. हे पीक नक्की कोणाचं?

कॉम्प्युटरवर संशयित रेणूची गणितं करा. सुरुवातीला बी३एलवायपी ही क्वांटम गणिताची पद्धत पुरते. आकडे थोडे मोठे येतात, त्यांना साधारण ०.९६ ते ०.९८ ने गुणतात. जागेपेक्षा उंचीकडे लक्ष द्या: गणित म्हणतं हे पीक सगळ्यात उंच, आणि तुमच्याकडे नेमकं तेच गायब, तर संशयित चुकीचा. आधी नोंदवलेल्या चंचल रेणूंसाठी मॅरिलिन जेकॉक्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आयुष्यभर खपून केलेली जंत्री आहे, ती त्या संस्थेच्या वेबबुकमध्ये फुकट बघायला मिळते. गणिताआधी तिथे जा.

खरा पुरावा समस्थानिकांचा. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घाला, किंवा नायट्रोजन-१५. अणू जड झाला की त्याचा सहभाग असलेलं पीक खाली सरकतं, बाकीची जवळजवळ हलत नाहीत. हेलसिंकीला २००० साली रॅसॅनेन यांच्या गटाने हायड्रोजन फ्लुओराइड आर्गॉनमध्ये फोडला आणि मॅट्रिक्स उबवली. १९६९.५, ६८७.० आणि ४३५.७ ला पीकं आली. त्यांचा दावा असा की यजमान आर्गॉनच रासायनिक बंधात सापडलाय: आर्गॉन फ्लुओरोहायड्राइड. कोण विश्वास ठेवणार? त्यांनी ड्युटेरियम तर घातलंच, शिवाय आर्गॉन-३६ वापरून यजमानही बदलला. आर्गॉन हलका झाल्यावर पीक जरा वर सरकलं. आर्गॉन बंधात नसता तर त्याच्या वजनाने तिथे असा फरक पडला नसता. मी पहिल्या पायरीत सांगितलेलं 'आर्गॉन कशाशी सहसा बोलत नाही' यातलं 'सहसा' त्यांच्यासाठी होतं.

१०. बंद करताना, आणि वही

काच गरम करताना पंप चालू ठेवा. गोठलेला सगळा वायू एकदम मोकळा होतो. व्हॉल्व्ह बंद असेल आणि दिवसभरात हवाही झिरपून साठली असेल तर खिडकी फुटू शकते. सुरक्षा-व्हॉल्व्ह जाम नाही ना, हे महिन्यातून एकदा बघा. काच खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय यंत्र उघडू नका, सेझियम आयोडाइड ओलावा पितं.

लाईट गेली तर काय, हे आधी ठरवून ठेवा. क्रायोस्टॅटचा कॉम्प्रेसर बऱ्याचदा थ्री-फेजवर चालतो आणि त्याला थंड पाण्याचा पुरवठा लागतो. यूपीएस बहुतेक वेळा फक्त कॉम्प्युटरला असतो. एकदा पहाटे तीनला पाणी फिरवणारा पंप ट्रिप झाला. सकाळी मी आलो तेव्हा स्पेक्ट्रोमीटर इमानेइतबारे रिकाम्या काचेचे स्पेक्ट्रम काढत बसला होता. चाळीस.

वहीत प्रत्येक स्पेक्ट्रमसमोर लिहा: वेळ, तापमान, दाब, काचेचा कोन, कोणता दिवा, किती मिनिटं, कोणता फिल्टर, खिडक्या कोणत्या. संगणकातल्या फाइलला 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच खरं' अशी नावं देऊ नका. तारीख आणि क्रमांक. आणि बाहेर पाऊस असेल तर तेही लिहा. आमच्या वहीत तीन वर्षांच्या पाण्याच्या पिकांची उंची आहे, आणि तिच्यावर बोट ठेवून जून कुठे लागला ते दाखवता येतं.